थांबलेला हात

आमच्या धर्मग्रामाच्या प्राथमिक शाळेत तीन वर्षांपूर्वी पालकसभेच्या दिवशी एक प्रसंग घडला. तो पाच मिनिटांत संपला आणि उपस्थितांपैकी बहुतेकांना आता आठवतही नसेल. चौथीच्या वर्गात नवा प्रोजेक्टर बसवला होता. देणगीतून आलेली ती वस्तू पालकांनाही पाहता यावी, या हेतूने वर्गाच्या बाईंनी पावसाच्या पाण्याचा पाठ पडद्यावर घ्यायचे ठरवले होते. बाईंची सेवा २८ वर्षांची. त्यांच्या हाताखालून गेलेली काही मुले आता पालक होऊन त्या सभेत बसली होती. बाईंनी बटण दाबले. पडदा निळाच राहिला. पुन्हा दाबले, तरी निळाच. मागच्या बाकांवर आधी कुजबुज झाली, मग हसू फुटले. तेवढ्यात नऊ वर्षांचा एक मुलगा जागेवरून उठला. त्याने बाईंच्या हातातील रिमोट जवळजवळ काढूनच घेतला, एक वायर उपसून दुसरीकडे खोचली आणि पडद्यावर ढग उमटले. टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत आम्हीही होतो.

संध्याकाळी बाई आमच्या कचेरीत आल्या. “फादर, मला मुदतीआधी मोकळं करा,” एवढेच त्या म्हणाल्या. आम्ही कारण विचारले, तेव्हा बराच वेळ गप्प राहून त्यांनी सांगितले, “अठ्ठावीस वर्षं त्या वर्गात उभी राहिले. आज पहिल्यांदा उभं कुठं राहायचं तेच कळेना.”

आम्ही त्यांची समजूत घातली. तंत्र नवे आहे, हळूहळू जमेल, मुलांची मदत घेण्यात कमीपणा कसला, अशी चार वाक्ये बोललो. ती वाक्ये खोटी नव्हती. परंतु बाई निघून गेल्यावर आमच्या लक्षात आले, की त्यांच्या दुःखाला ती कोठेच भिडली नव्हती. मुलाने मदत केली होती यात शंका नाही. बाईंची अडचण दूर झाली होती, हेही खरे. मग दुखावले गेले ते काय? विद्यार्थ्याने शिक्षकाला साहाय्य करणे ही जर चांगली गोष्ट आहे, तर ती चांगली गोष्ट वाईट रीतीने कशी घडू शकते? हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात घर करून बसला आहे. त्याचाच थोडा विचार आज वाचकांपुढे मांडत आहोत. कारण असा मुलगा आता बहुतेक शाळांत आहे आणि अशा बाईही आहेत. २०२० साली महासाथीमुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा कित्येक शिक्षकांना ऑनलाइन वर्ग कसा भरवावा हे घरातल्या किंवा वर्गातल्या मुलांनीच शिकवले. “बाई, तुमचा आवाज बंद आहे,” हे सांगणारे बहुधा एखादे मूलच असे.

मुलांनी मुलांना शिकवावे, हा विचार जुना आहे आणि त्याचा एक धागा आपल्या देशातून गेलेला आहे. अँड्र्यू बेल हे स्कॉटलंडचे अँग्लिकन धर्मोपदेशक १७८७ साली मद्रासला आले. १७८९ पासून ते तेथील एग्मोर भागातल्या मुलांच्या अनाथालयाचे अधीक्षक होते. एका देशी शाळेवरून जाताना मुले बोटाने वाळूत अक्षरे गिरवीत असल्याचे त्यांनी पाहिले. हीच पद्धत आपल्या आश्रमात आणावी असे त्यांना वाटले. पण हाताखालच्या मास्तरांकडून ते काम होईना. तेव्हा बेल यांनी जॉन फ्रिस्केन नावाच्या सुमारे आठ वर्षांच्या मुलाला लहानग्यांच्या वर्गापुढे बसवले. मास्तरांना जे साधले नव्हते, ते त्या मुलाने साधून दाखवले. पुढे वर्गावर्गांतून मोठी मुले धाकट्यांना शिकवू लागली. बेल १७९६ साली परतले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांनी या प्रयोगाचा वृत्तान्त लंडनमध्ये प्रसिद्ध केला. ‘मद्रास पद्धत’ या नावाने ती इंग्लंडभर पसरली. त्याच सुमारास जोसेफ लँकेस्टर यांनी लंडनच्या गरीब वस्तीत याच धर्तीची शाळा चालवली. अशा मुलांना ‘मॉनिटर’ म्हणत. आपल्या वर्गांतला मॉनिटर हा त्याच घराण्यातला. हा शब्द मूळ लॅटिन. आठवण करून देणारा, सावध करणारा, असा त्याचा अर्थ. आज हाच शब्द संगणकाच्या पडद्यालाही लागतो, हा योगायोग आम्हाला मोठा मौजेचा वाटतो.

या पद्धतीचे पुढे काय झाले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. तिचे कौतुक झाले ते मुख्यतः ती स्वस्त होती म्हणून. एका मास्तराच्या पगारात शेकडो मुलांची शाळा चालत असे. शिकवणारी मुले स्वतः जेमतेम शिकलेली. त्यामुळे घोकंपट्टीपलीकडे पाठ जात नसे. लँकेस्टर यांच्या शाळेत हुशार मुलांना बिल्ले आणि बक्षिसे मिळत, तर चुकणाऱ्यांच्या गळ्यात लाकडी ओंडका अडकवण्यापर्यंत आणि त्यांना टोपलीत घालून छताला टांगण्यापर्यंत शिक्षांची मजल जाई. अखेर १८४६ पासून इंग्लंडच्या सरकारने वेगळी वाट धरली. किमान १३ वर्षांच्या विद्यार्थ्याने पाच वर्षे मुख्याध्यापकाच्या देखरेखीखाली अध्यापनाचे शिक्षण घ्यावे आणि त्याबद्दल त्याला वेतनही मिळावे, अशी ती योजना होती. आठ वर्षांच्या मुलावर वर्गाचा भार टाकणे योग्य नाही, हे समजायला अर्धे शतक लागले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस ही कल्पना नव्या वेषात पुन्हा आली. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात ऑलिंपिया नावाचे गाव आहे. १९९०च्या दशकाच्या मध्यास तेथे डेनिस हार्पर या शिक्षणतज्ज्ञांच्या पुढाकाराने एक उपक्रम सुरू झाला. पुढे तो ‘जनरेशन येस’ या नावाने ओळखला गेला. शाळांत संगणक येऊन पडले होते, शिक्षकांना ते वापरता येत नव्हते आणि मुलांना येत होते. तेव्हा एकेका शिक्षकाची एकेका विद्यार्थ्याशी जोडी लावण्यात आली. कोणता पाठ घ्यायचा आणि कशासाठी, हे शिक्षकाने ठरवायचे. तो पाठ संगणकाच्या साहाय्याने कसा उभा करायचा, ते विद्यार्थ्याने पाहायचे. १९९७ साली न्यूयॉर्कमध्ये ‘माऊस’ नावाच्या संस्थेचे काम सुरू झाले. तिच्या योजनेतून विद्यार्थ्यांची पथके शाळेतील यंत्रांची देखभाल करू लागली. पुढे अशी पथके प्राथमिक शाळांपर्यंत पोहोचली आणि इंग्लंडच्या अनेक प्राथमिक शाळांत अशा मुलांना ‘डिजिटल लीडर’ म्हणतात. बेल यांच्या काळापासून यात एक फरक पडला आहे आणि तो लहान नाही. मद्रासचा मॉनिटर आपल्याहून धाकट्यांना शिकवीत होता. ऑलिंपियाचा विद्यार्थी आपल्या गुरूला शिकवू लागला.

येथे आमच्या सेमिनरीच्या दिवसांतील दोन जुने ग्रंथ आम्हाला आठवतात. संत ऑगस्टीन यांनी ३८९च्या सुमारास ‘गुरूविषयी’ नावाचा एक संवाद लिहिला. त्यात बोलणारे दोघेच आहेत, ऑगस्टीन आणि त्यांचा मुलगा अदेओदातुस. त्या पुस्तकात मुलाच्या तोंडी जे विचार आहेत ते खरोखर त्याचेच होते आणि त्या वेळी तो अवघा सोळा वर्षांचा होता, असे ऑगस्टीन यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. मुलाच्या बुद्धीने बाप थक्क झाला होता आणि ते कबूल करण्यात त्याला संकोच वाटला नाही. त्या संवादाचा निष्कर्ष असा, की गुरूचे शब्द केवळ खुणा असतात. सत्य काय ते शिकणाऱ्याने आपल्या अंतरंगातील प्रकाशात स्वतः पाहायचे असते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच प्रश्न पुन्हा हाती घेतला आणि गुरूला वैद्याची उपमा दिली. रोगी बरा होतो तो मूलतः आपल्या प्रकृतीच्या शक्तीने. वैद्य त्या शक्तीला साहाय्य करतो. तद्वत विद्यार्थी जाणतो तो आपल्या बुद्धीने. गुरू त्या बुद्धीला हात देतो.

ही कसोटी त्या पालकसभेतील प्रसंगाला लावून पाहावी. त्या मुलाला येत होते. परंतु त्याने शिकवले काय? बाईंना कोणती वायर कोठे लागते हे त्या क्षणानंतरही ठाऊक नव्हते. बिघाड गेला, अज्ञान जागच्या जागी राहिले आणि त्यात जाहीर लाजेची भर पडली. येणे वेगळे, करून देणे वेगळे आणि शिकवणे त्याहून वेगळे. मुलाचा दोष नव्हता. या तिन्हींतला भेद त्याला कोणी सांगितलाच नव्हता. तो सांगण्याचे काम आमचे होते आणि आम्ही टाळ्या वाजवीत होतो.

त्यापुढची चूक तर सर्वस्वी आमचीच. त्या प्रसंगाने भारावून आम्ही शाळेत ‘संगणकमित्रां’चे पथक काढले. तिसरी-चौथीतील सहा चुणचुणीत मुले निवडली, सहाही मुलगेच. त्यांना निळे बिल्ले दिले. संगणकाच्या खोलीची किल्ली आणि पासवर्ड त्यांच्या स्वाधीन केले. वर्षभर सारे सुरळीत चालले आहे, असे आम्हाला वाटत राहिले. कारण यंत्रे चालू होती. वर्षाच्या अखेरीस तीन गोष्टी एकापाठोपाठ कळल्या.

पहिली गोष्ट त्या मुलाच्या आईकडून कळली. मासळीची पाटी उतरवून ती तशीच कचेरीच्या दारात येऊन उभी राहिली. “फादर, माझा पोरगा शाळेत शिकायला येतो की दुरुस्तीला?” असा तिचा प्रश्न. चौकशी करता असे दिसले, की कोणत्याही वर्गात काही अडले की त्याला बोलावणे जाई. मराठीचे वाचन तो सोडून जाई, गणिताचे पाढे सोडून जाई. सगळ्या शाळेला मदत करणारा तो मुलगा चौथीच्या पुस्तकातील उतारा अडखळत वाचत होता. स्वस्त म्हणून बेल यांच्या पद्धतीला नावे ठेवणारे आम्ही, आमच्या शाळेत एक बिनपगारी तंत्रज्ञ राबवीत होतो आणि त्याचे वय होते नऊ वर्षे.

दुसरी गोष्ट बिल्ल्याची. किल्ली ज्याच्या हाती, त्याच्या मर्जीने कोणी आत जायचे आणि कोणी बाहेर थांबायचे, असा शिरस्ता पडला होता. एका मित्राने तर आपले दप्तर उचलणाऱ्यालाच चांगला संगणक द्यायचा नियम केला होता. शिवाय पासवर्ड हाती असल्यामुळे बाईंनी तयार केलेली गुणांची यादी दोघांनी पाहिली होती आणि कोणाला किती कमी मिळाले हे वर्गात फुटले होते. लहान मुलांवर विश्वास टाकावा; पण त्यांना न पेलणारी गुपिते त्यांच्या खिशात ठेवू नयेत. तो विश्वास नव्हे, ती आपली हयगय होय.

तिसरी गोष्ट सर्वांत साधी आणि आम्हाला सर्वांत लागलेली. वार्षिक परीक्षेनंतर आम्ही स्वतः चौथीच्या मुलांना एकेक करून संगणकापुढे बसवले आणि आपले नाव लिहून जतन करायला सांगितले. एक मुलगी अभ्यासात नीटनेटकी. वहीत तिने सर्व पायऱ्या क्रमाने लिहिल्या होत्या, चूक एकही नाही. परंतु माऊसवर तिचा हात पडेना. आम्ही विचारले, “येत नाही का ग?” ती म्हणाली, “येतं फादर, पण मला कधी हात लावावाच लागला नाही. नेहमी तोच करून देतो.” वर्षभर तिला मदत झाली होती आणि त्या मदतीनेच तिला शिकू दिले नव्हते.

त्या दिवशी आम्हाला आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळाले. दुसऱ्याचे काम हिसकावून घेणारे साहाय्य कितीही सद्भावनेने केलेले असो, घेणाऱ्याला ते उणे करते. बाईंच्या हातचा रिमोट आणि त्या मुलीच्या हातचा माऊस, दोन्ही एकाच रीतीने गेले होते. साहाय्याचा हेतू साहाय्याची गरज संपवणे हा असावा. ज्या मदतीवाचून समोरच्याचे कायमच अडावे, तिच्यात मदत करणाऱ्याचा मोठेपणा वाढतो आणि समोरच्याचा हात लुळा पडतो. हे लिहिताना आम्हाला केवळ शाळा दिसत नाही. आमच्या व्यवसायातही करून देण्याचा मोह फार आहे. धर्मग्रामातले तंटे आम्हीच मिटवायचे, अर्ज आम्हीच लिहायचे, निर्णय आम्हीच घ्यायचे आणि मग लोक पुढे येत नाहीत म्हणून तक्रारही आम्हीच करायची!

पुढच्या जूनमध्ये आम्ही बाईंनाच पथकाची जबाबदारी घेण्याची विनंती केली. त्यांनी दोन अटी घातल्या. बिल्ले परत घ्यायचे आणि पथक सहा जणांचे न राहता पाळीपाळीने सर्व मुलांचे व्हायचे, मुलींचेही. किल्ली आणि पासवर्ड त्यांनी स्वतःकडे घेतले. तासाच्या वेळी कोणालाही वर्गातून बोलावायचे नाही, असे ठरले. आणि एक नियम त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहून ठेवला: मदत करताना आपले हात पाठीमागे. ज्याला मदत हवी त्याच्या यंत्राला मित्राने हात लावायचा नाही. त्याने बघायचे, विचारायचे आणि सांगायचे.

हा नियम मुलांना फार जड गेला. ज्याला येते त्याला थांबणे किती कठीण असते! बोटे शिवशिवत, पाय जागच्या जागी नाचत. परंतु हात बांधले गेल्यावर जीभ कामाला लागली. “ते दाब” म्हणून भागेना. ‘ते’ म्हणजे काय, कोठे आहे, दाबल्यावर काय होईल, हे शब्दांत सांगावे लागे. पालकसभेतला तो मुलगा तोवर पाचवीसाठी दुसऱ्या शाळेत गेला होता. पण शनिवारी तो बाईंकडे वाचनाला येई आणि तासभर धाकट्यांबरोबर बसे. माऊसला हात न लावलेली ती मुलगीही त्या शनिवारच्या वर्गाला येऊ लागली. सर्वांत चांगली शिक्षिका ठरली ती तीच. आपण कोठे अडखळलो होतो हे तिच्या स्मरणात ताजे होते; म्हणून दुसरा कोठे अडखळेल हे तिला आधी दिसे. ज्याला सर्व सहज आले, त्याला न येण्याची वाट ठाऊक नसते. हुशार मुलांनाच नेते नेमणारी आमची निवड येथेही चुकली होती.

उरलेले निम्मे उत्तर बाईंविषयी. देणाऱ्याला जसे थांबणे शिकावे लागते, तसे घेणाऱ्याला घेणे शिकावे लागते आणि ते अधिक अवघड आहे. दर पवित्र गुरुवारी आम्ही बारा जणांचे पाय धुतो. धुणारा गुडघे टेकून सहज बसतो. ओशाळतात ते पाय पुढे करणारे. प्रथम नकार दिला तो पेत्रानेही. शिष्याकडून पराभव व्हावा अशी इच्छा गुरूने धरावी, असे एक जुने वचन आपल्याकडे आहे. ते म्हणायला गोड आहे. भर वर्गात, पालकांच्या डोळ्यांदेखत तो पराभव पचवणे वेगळे. बाईंनी तो कसा पचवला हे आम्ही पाहिले. त्यांनी त्या मुलाला शनिवारी प्रथम बोलावले तेव्हा म्हटले, “तू मला ती वायर शिकव. मी तुला वाचन शिकवते.” त्याने सांगायला सुरुवात केली, तेव्हा त्या मधेच थांबवून म्हणत, “हे तू तिसरीतल्या बाळाला कसं सांगशील?” तंत्र त्याचे होते, ते पायऱ्यापायऱ्यांनी कसे मांडावे, कोठे थांबावे, समोरच्याला कळले की नाही हे चेहऱ्यावरून कसे ओळखावे, ही विद्या बाईंची होती. तिच्यावाचून त्याचे ज्ञान त्याच्या बोटांतच राहिले असते. कोठे उभे राहायचे, हा बाईंचा प्रश्न त्यांनी स्वतःच सोडवला. माहितीच्या मक्त्यावर गुरूचा अधिकार उभा असेल, तर तो नऊ वर्षांचे मूलही काढून घेऊ शकते. शिकवण्याच्या कळेवर आणि मुलाविषयीच्या जबाबदारीवर उभा असलेला अधिकार कोणाला हिसकावता येत नाही.

तथापि एक गोष्ट आमच्या खाती उरते आणि ती झाकून ठेवणे बरे नव्हे. प्रोजेक्टर आणि संगणक यांसाठी आम्ही देणग्या गोळा केल्या, फलक लावले, फिती कापल्या. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी त्या साली आम्ही एक रुपयाही राखला नव्हता. ती उणीव मुलांनी भरून काढली आणि आम्ही तिला ‘नेतृत्व’ असे गोंडस नाव दिले. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुलांनी मुलांना शिकवण्याची भलावण केली आहे. पण ते ऐच्छिक आणि आनंदाचे असावे, प्रशिक्षित शिक्षकांच्या देखरेखीखाली असावे, असेही त्याच वाक्यात म्हटले आहे. दुसरे अर्धे वाक्य खर्चाचे आहे, म्हणून ते आपण सोयीस्करपणे विसरतो. यंदापासून शाळेच्या अंदाजपत्रकात यंत्रांइतकीच रक्कम शिक्षकांच्या शिकण्यासाठी असते आणि दुरुस्तीला महिन्यातून दोनदा गावातला तंत्रज्ञ येतो. मुलांची मदत आता शाळेच्या गरजेपोटी घेतली जात नाही. ती मुलांच्या शिक्षणाचा भाग म्हणून होते. त्यामुळे एखाद्या मुलाला आज मदत करायची नसेल, तर ‘नको’ म्हणायची त्याला मोकळीक आहे.

बाईंनी मुदतीआधी सेवा सोडली नाही. येत्या मे महिन्यात त्या रीतसर निवृत्त होत आहेत. गेल्या आठवड्यात आम्ही व्हरांड्यातून जात असता चौथीच्या वर्गात पडदा पुन्हा निळा पडला होता. वर्गातली एक मुलगी उठून बाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. “बाई, आधी कुठली वायर बघायची?” तिने विचारले. बाईंनी चष्मा वर सरकवला, वाकून एक वायर पाहिली, मग दुसरी पाहिली, आणि ती नीट खोचली. पडदा उजळला. मुलगी जागेवर जाऊन बसली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत आणि बाईंनी पाठ सुरू केला.